मोहरी, मूग, हरभरा : ई-म्यू-मिक उंदीर सांभाळण्याची कृती

रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला आधी पीसीआर शिकवतात, मग पेशी मोजायची यंत्रे दाखवतात. उंदीर हातात कसा घ्यायचा हे तो कुणाचे तरी बघून शिकतो. हा क्रम उलटा हवा, असे मला आता ठामपणे वाटते. जनुकात बदल केलेल्या उंदराच्या प्रयोगात जे काही खरे कळते, ते उंदराच्या अंगावरून फिरणाऱ्या बोटांना आधी कळते. यंत्रे नंतर येतात. म्हणून ही कृती मी बोटांना मध्ये ठेवून लिहितो आहे. उदाहरण घेतले आहे ई-म्यू-मिक उंदराचे. या क्षेत्रातला तो जुना आणि नीट ओळखीचा उंदीर आहे, आणि नव्या हातांना शिकायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही.

या उंदराला काय झालेले असते, ते आधी समजून घ्या. माणसाच्या बर्किट लिम्फोमात आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो. आठव्यावर मिक हे जनुक असते. पेशीला वाढायला आणि दुभंगायला लावणे हे त्याचे काम. चौदाव्यावर प्रतिपिंडांची जनुके असतात आणि त्यांच्याजवळ एन्हान्सर नावाचा एक तुकडा, जो बी-पेशींमध्ये सतत जागा असतो. उंदराच्या नावातला ‘ई-म्यू’ तो हाच. असा शेजार मिळाला की मिकही झोपत नाही. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधील जेरी अ‍ॅडम्स, सुझन कोरी, अ‍ॅलन हॅरिस आणि अमेरिकेतील राल्फ ब्रिन्स्टर, रिचर्ड पामिटर यांनी तसाच शेजार उंदराच्या फलित अंड्यात घडवून आणला आणि १९८५ साली ते काम प्रसिद्ध केले. ते जनुक वारशाने पुढे जाते, म्हणून आज आपण जे उंदीर वापरतो ते त्याच घराण्यातले.

या घराण्यातले बहुतेक उंदीर पाच महिन्यांच्या आत लिम्फोमाने आजारी पडतात. पण कोणता सहाव्या आठवड्यात आणि कोणता विसाव्या, हे कुणालाही सांगता येत नाही. मिक एकटे पुरत नाही. आणखी काहीतरी बिघडावे लागते, बहुतेक वेळा पी-५३ या राखणदार जनुकाच्या वाटेवर, आणि तो बिघाड कोणत्या पेशीत कधी होईल हा योगायोग असतो. अगदी माणसासारखेच. एकाच आईची, एकाच पिंजऱ्यात वाढलेली पिल्ले वेगवेगळ्या वेळी आजारी पडतात, यातच या उंदराची किंमत आहे. सांभाळणाऱ्यावरची जबाबदारीही त्यातूनच येते, कारण आजाराची तारीख ठरलेली नाही.

आधी परवानगी

भारतात काम करत असाल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे प्राणी-प्रयोगांचे नियम लागू होतात. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय एकही नर-मादी एकत्र ठेवू नका. जनुकबदल केलेला प्राणी असल्याने जैवसुरक्षा समितीकडेही जावे लागते. अर्जात उंदरांची संख्या लिहिताना अंदाजपंचे आकडा टाकू नका. तुम्हाला जनुक असलेले ३० उंदीर हवे असतील तर निम्म्याच पिल्लांत ते उतरते, म्हणजे सुमारे ६० पिल्ले. एका वेताला सहा-आठ धरली तर आठ ते दहा वेत लागतील. उरलेल्या ३० पिल्लांचे काय करणार हेही लिहा. त्यांतली काही निरोगी तुलनेसाठी लागतील आणि काही पुढच्या टप्प्यात पेशी टोचून घेण्यासाठी वापरता येतील. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन सूत्रे, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा, अर्जातल्या या साध्या हिशेबातच खरी उतरतात.

सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र वेगळा आहे : उंदीर कोणत्या अवस्थेत गेला की प्रयोग थांबवायचा. तो अर्ज भरतानाच, डोके थंड असताना ठरवा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

जोडी आणि वेत

जनुक वाहणारा नर आणि साधी ब्लॅक-सिक्स जातीची मादी अशी जोडी लावा. उलट करू नका. जनुक असलेली मादी गाभणपणात किंवा पिल्ले अंगावर असताना आजारी पडली तर तिच्याबरोबर अख्खे वेत जाते. नर सहा ते आठ आठवड्यांचा झाला की त्याच्या पिंजऱ्यात एक किंवा दोन माद्या सोडा. त्याच्याकडे वेळ थोडा असतो, म्हणून त्याच्या मुलांमधून पुढचा नर आधीच हेरून ठेवा. घराणे एकाच नरावर लोंबकळत ठेवणे हा मी पाहिलेला सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे. शक्य असेल तर काही नरांचे शुक्राणू गोठवून ठेवा.

पिंजऱ्यात घरटे करायला कागदाच्या पट्ट्या किंवा कापूस भरपूर द्या. खोलीचे तापमान २० ते २६ अंश, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. मादी १९ ते २१ दिवसांत विते. पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उगाच उघडू नका. पिल्ले २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करा, नर आणि माद्या वेगवेगळे ठेवा.

कानाचा तुकडा

वेगळे करतानाच कानाला बारीक छिद्र पाडा. छिद्राच्या जागेवरून उंदराची ओळख ठरते आणि निघालेला दोन मिलिमीटरचा तुकडा तपासणीला मिळतो. एका टोचणीत दोन कामे होतात, म्हणून शेपटी कापण्यापेक्षा मला हाच मार्ग पटतो. उपकरण दोन उंदरांच्या मधे अल्कोहोलने पुसा. आधीच्या पिल्लाचा कण पुढच्याच्या नळीत गेला तर साधे पिल्लू जनुकवाले ठरते आणि ती चूक पाच महिन्यांनी कळते.

तुकडा ७५ मायक्रोलिटर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे २५ मिलिमोलर, ९५ अंशांवर अर्धा तास ठेवा, थंड करा आणि तितकेच ४० मिलिमोलर ट्रिस घालून त्याचा दाहकपणा मारा. हे पाणी थेट पीसीआरला चालते. प्रत्येक वेळी चार नळ्या जास्तीच्या लावा : खात्रीचा जनुकवाला, खात्रीचा साधा, नुसते पाणी आणि आधी एकदा तपासलेला कुठलाही एक जुना नमुना. चौथी नळी कुणी सांगत नाही. मी लावतो, कारण आजचे उत्तर कालच्या उत्तराशी जुळते की नाही हे तिच्यावरून दिसते. जनुकाची पट्टी दिसली नाही आणि उंदराच्या स्वतःच्या जनुकाची सोबतची पट्टीही दिसली नाही, तर ते पिल्लू साधे नाही. ती तपासणी फसलेली आहे, पुन्हा करा.

बोटांनी पाहणे

आता मुख्य काम.

उंदीर शेपटीने उचलू नका. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरतात, आणि ओंजळीत किंवा नळीतून उचललेले हाताजवळ स्वतःहून येतात. पिंजऱ्यात पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी कायम ठेवा. उंदीर तिच्यात शिरला की नळीसकट उचला. घाबरलेल्या उंदराचे स्नायू ताठ होतात आणि ताठ अंगात बारीक गाठ लागत नाही, त्यामुळे हा नुसता दयेचा मुद्दा नाही, तपासणीच्या अचूकपणाचाही आहे.

चार आठवड्यांपासून आठवड्यातून दोनदा प्रत्येक जनुकवाला उंदीर हातात घ्या. मानेमागची सैल कातडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरा, पाठ तळहातावर टेकवा. दुसऱ्या हाताच्या बोटाचे टोक जांघेत, जिथे मांडी पोटाला मिळते तिथे, हलके फिरवा. मग दोन्ही काखा. मग जबड्याखाली मानेच्या दोन्ही बाजू. शेवटी डाव्या बरगड्यांच्या खाली पोटावरून बोट सरकवा, तिथे पाणथरी असते. सगळे मिळून अर्धा मिनिट लागते, त्याहून जास्त वेळ उंदीर धरून ठेवू नये.

काय लागायला हवे? निरोगी लसिकाग्रंथी मोहरीएवढी असते आणि नव्या बोटाला ती सापडतच नाही. मुगाएवढी झाली की सापडते. हरभऱ्याएवढी झाली तर तुम्ही उशिरा आलात. मी विद्यार्थ्यांना आधी हातमोज्याच्या बोटात थोडे तेल आणि मोहरी, मूग, हरभरा घालून, वरून दुसरा मोजा चढवून डोळे मिटून ओळखायला लावतो. दोन दिवसांत बोट शिकते. त्यानंतर जनुक नसलेला आणि असलेला असे दोन उंदीर, कोणता कोणता हे न सांगता, हातात देतो. पिंजऱ्यावरचे नाव वाचून गाठ चाचपणाऱ्याला गाठ लागतेच. म्हणून तपासणाऱ्याने आधी हाताला काय लागले ते लिहावे आणि मग पाटी वाचावी.

गाठीव्यतिरिक्तही पाहायचे असते. केस पिंजारलेले आहेत का? पाठ कुबड काढून बसतो का? पंजे गुलाबी आहेत की फिकट? श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का? छातीत, थायमसच्या जागी गाठ वाढली असेल तर बाहेर काहीच लागत नाही आणि उंदीर फक्त धापा टाकतो. अशा उंदराला मानेने धरून उताणा करू नका, धरल्याधरल्या जाऊ शकतो. कधी मागचे पाय लुळे पडतात. वजन दर वेळी करा, त्याच तराजूवर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : पोटातल्या गाठी आणि पाणथरी वाढत असताना वजन घटत नाही, उलट वाढल्यासारखेही दिसते. नुसत्या तराजूवर विसंबलात तर फसाल.

रक्त पाहायचे असेल तर शेपटीच्या शिरेतून ३० ते ५० मायक्रोलिटर पुरते. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात एकूण रक्तच दोन मिलिलिटरच्या आसपास असते, हे आठवणीत ठेवले की हात आपोआप आखडता येतो. एका थेंबाची काच करा, लीशमन रंग द्या आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मोठ्या केंद्रकाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या पेशींची गर्दी एकदा डोळ्यात बसली की यंत्राचा आकडा यायच्या आधी तुम्हाला कळलेले असते.

पहिली गाठ लागली की आठवड्यातून दोनदा हा नियम संपला. त्या दिवसापासून तो उंदीर रोज पाहायचा. रविवारी, दिवाळीत आणि तुमच्या मित्राच्या लग्नादिवशीसुद्धा. माझ्या पहिल्या वर्षी शुक्रवारी जांघेत मुगाएवढी गाठ लागली होती. मी वहीत नोंद केली आणि सोमवारी बघू म्हणून घरी गेलो. सोमवारी सकाळी तो उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मेलेला होता, अंग गार पडलेले, पेशी वाया गेलेल्या. कोणत्या वेदनेत त्याने ते दोन दिवस काढले ते मला माहीत नाही आणि त्याची भरपाई मला कधी करता आलेली नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत सुट्टीची पाळी भिंतीवर लिहिलेली असते, नावानिशी.

थांबण्याची वेळ

उंदीर मरेपर्यंत वाट पाहायची नसते. ‘जगण्याचा आलेख’ असा शब्द शोधनिबंधांत असतो म्हणून नव्या मुलांचा गैरसमज होतो. त्या आलेखातली प्रत्येक पायरी म्हणजे आधी ठरवलेल्या लक्षणापाशी आपण थांबलो तो दिवस. माझी यादी अशी असते : कोणतीही गाठ हरभऱ्याएवढी झाली, वजन १५ टक्के घटले, श्वासाला त्रास, पाय लुळे, पंजे पांढरे, किंवा पिंजरा हलवल्यावरही उंदीर हलला नाही. यांतले एकही दिसले की त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी चांगला प्रकाश असेल, यंत्र मोकळे असेल, हे कारण होऊ शकत नाही.

उंदराला त्याच्याच पिंजऱ्यात ठेवून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडा, दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के या वेगाने. आधीच वायूने भरलेल्या पेटीत उंदीर टाकू नका. श्वास थांबल्यावर मान निखळवून मृत्यूची खात्री करा. पहिल्यांदा करताना हात थरथरतात. थरथरू द्या, पण शिकवणाऱ्या माणसाशिवाय एकट्याने करू नका.

गाठीतून पेशी

यापुढचे काम बर्फावर आणि लगबगीने. पाणथरीचे वजन करा. निरोगी उंदराची साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम भरते, या उंदरांची कित्येक पटीने जास्त असते. जांघ, काख, मान, आतड्यालगतच्या गाठी, थायमस, यकृत सगळे पाहा आणि जे वाढलेले नाही तेही लिहा. प्रत्येक गाठीचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये, एक कोरडा गोठवलेला आणि उरलेल्याच्या सुट्या पेशी. गाठ ७० मायक्रॉनच्या जाळीवर ठेवून सिरिंजच्या दांड्याच्या मागच्या टोकाने हळू चोळा आणि थंड द्रावणाने धुवून काढा. पाणथरी असेल तर तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडून घ्या.

मग पेशींची जात ओळखा. बी-२२० आणि सीडी-१९ या खुणा दिसल्या तर बी-पेशी. पृष्ठभागावर आयजीएम नसेल तर त्या प्री-बी टप्प्यातल्या, असेल तर थोड्या पुढच्या. या घराण्यात दोन्ही तऱ्हेचे लिम्फोमा निघतात, कधी एकाच उंदरात मिश्र. माणसाचा बर्किट मात्र याहून पक्व बी-पेशीतून उगवतो. हा फरक विसरून ‘उंदरातला बर्किट’ असे लिहिणे चूक आहे. हा उंदीर दाखवतो ते मिकचे वागणे, आजाराची हुबेहूब प्रत नव्हे.

प्रत्येक लिम्फोमाचे पी-५३ तपासा. पेशीत पी-५३ प्रथिन भरमसाट साठलेले दिसले तर बहुतेक ते बिघडलेले असते. जिथे राखणदार शाबूत आहे आणि जिथे मोडला आहे, ते दोन लिम्फोमा एकाच औषधाला वेगवेगळे उत्तर देतात, आणि हे न तपासता सगळे एकत्र मोजले तर निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

दुसऱ्या उंदरात

औषध तपासायचे असेल तर आजार एकाच वेळी सुरू झालेले उंदीर हवेत. त्यासाठी लिम्फोमाच्या पेशी निरोगी ब्लॅक-सिक्स उंदरांत टोचतात. घराणे पूर्णपणे ब्लॅक-सिक्सचे झालेले असेल तर शरीर त्या परक्या मानत नाही आणि आधी किरणोत्सार देण्याची गरज पडत नाही. जिवंत पेशी नव्वद टक्क्यांहून जास्त आहेत ना, ते ट्रिपान ब्लूने मोजा. द्रावण पुन्हा एकदा जाळीतून गाळा, कारण पेशींचे गठ्ठे फुप्फुसात अडकले तर उंदीर जागीच जातो. दहा लाख पेशी २०० मायक्रोलिटरमध्ये, शेपटीच्या शिरेतून, सावकाश. शेपटी आधी कोमट पाण्यात शेकली की शीर फुगते. सुई लागली असेल तर द्रावण अडथळ्याविना जाते. कातडी पांढरी फुगली तर थांबा, थोडे मागे, शरीराच्या दिशेने सरका.

बहुतेक लिम्फोमा दोन ते चार आठवड्यांत उगवतात. गाठ मुगाएवढी झाल्यावर औषध सुरू करा. कुणाला औषध आणि कुणाला नुसते द्रावण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि चाचपणाऱ्याला ते कळू देऊ नका.

इथे एक चूक मी छापील लेखांतही पाहिली आहे. एकाच लिम्फोमाच्या पेशी दहा उंदरांत टोचल्या तर तुमच्याकडे दहा उदाहरणे झाली, असे नाही. उदाहरण एकच, ते दहा वेळा पाहिले एवढेच. औषध मिकच्या लिम्फोमावर चालते असे म्हणायचे असेल तर वेगवेगळ्या उंदरांत आपोआप उगवलेले निदान पाच-सहा लिम्फोमा घ्या आणि प्रत्येकी दोन-तीन उंदीर. उंदीर थोडेच जास्त लागतात, उत्तर कितीतरी भक्कम मिळते.

असल्या उत्तरांतून काय उभे राहते, तेही सांगतो. मेलबर्नच्याच संस्थेत डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ साली दाखवले की बीसीएल-२ हे जनुक पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. १९९० साली अँड्रियास स्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी मिकवाला आणि बीसीएल-२ वाला असे उंदीर एकत्र आणले आणि त्यांच्या पिल्लांत कर्करोग फार झपाट्याने आला. त्या बीसीएल-२ प्रथिनालाच पकडणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या ल्युकेमियासाठी मंजूर झाले. आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांच्या वाणांवर कर्करोगाचा अभ्यास करत होत्या, तोही जनुके कापण्या-जोडण्याची कला येण्याच्या कितीतरी आधी. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि खारघरला गेली.

पुन्हा कृतीकडे येऊ. उरलेल्या पेशी फेकू नका. सीरममध्ये १० टक्के डीएमएसओ घालून, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत गोठवा आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवा. साध्या मार्करची शाई अल्कोहोल लागले की पुसते, म्हणून थंडीत टिकणारी चिकटपट्टी वापरा. तिच्यावर लिम्फोमाचा क्रमांक, तो ज्या उंदरात उगवला त्याचा क्रमांक, जन्मतारीख, गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती तारीख, पी-५३ शाबूत की मोडलेले आणि पेशी कितव्यांदा टोचलेल्या आहेत हे सगळे लिहा. हेच सारे वहीतही, त्याच दिवशी, शाईच्या पेनाने.